लग्नात उरलेले अन्न वाटणारा आमचा गट कायद्याने ‘अन्न व्यवसाय’ ठरतो का?

गिरणाकाठ (जळगाव) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. जळगावात आम्ही वीस-बावीस जण गेली चार वर्षे लग्न, साखरपुडा, बारसे, उत्तरकार्य अशा प्रसंगी उरलेले अन्न गोळा करतो आणि रेल्वे स्थानकाच्या परिसरात, रुग्णालयाबाहेर मुक्कामाला असलेल्या नातेवाइकांमध्ये व गावाबाहेरच्या वीटभट्ट्यांवर वाटतो. आमची नोंदणीकृत संस्था नाही, विश्वस्त मंडळ नाही, बँकेत खातेही नाही. एक व्हॉट्सॲप गट, झाकणाचे अकरा स्टीलचे डबे आणि एका मित्राची मालवाहू रिक्षा एवढाच आमचा संसार आहे. कोणाकडून वर्गणी घेत नाही. डिझेलचा खर्च ज्याचा त्याने करायचा, असे ठरलेले आहे.

गेल्या महिन्यात एका मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकाने आम्हाला फाटकातच थांबवले. आत तीन पराती बट्ट्या, निम्मे पिंप वरण आणि एक मोठे पातेले भात शिल्लक होता. यजमानांनीच फोन करून आम्हाला बोलावले होते. व्यवस्थापक सभ्यपणे म्हणाले, “भाऊ, तुमच्याकडे अन्न नोंदणीचा दाखला असेल तर खुशाल घेऊन जा. नसेल आणि उद्या कोणाला उलट्या झाल्या, तर पहिले नाव माझ्या कार्यालयाचे येईल.” आमची ही बोलणी चालू असतानाच मागच्या अंगणात दोन कामगार ते वरण गटारात ओतत होते. फोडणीतल्या हिंगाचा वास फाटकापर्यंत येत होता.

त्यांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटले नाही, म्हणून भांडलो नाही. मात्र घरी आल्यावर गटात बरीच चर्चा झाली आणि आमचे अज्ञान उघडे पडले. फुकट वाटणाऱ्यालाही नोंदणी लागते का? एखाद्याला बाधा झाली तर जबाबदार कोण, यजमान, आचारी, कार्यालय की ज्याच्या फोनवर तो गट चालतो तो मी? गटातल्या एकाने असेही सांगितले की आता अन्न फेकणे हाच गुन्हा झाला आहे, आणि तसे असेल तर आम्हाला अडवणाऱ्यालाच आम्ही प्रश्न विचारू शकतो. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. अर्धवट माहितीवर चार वर्षे काढली, आता पुढे तसे करावेसे वाटत नाही.

पांझराकाठ (धुळे) यांचे उत्तर

गिरणाकाठ भाऊ, मी वकिली करतो आणि अन्न सुरक्षेची काही प्रकरणे हाताळली आहेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देतो. खाण्याजोगे अन्न फेकणे हा भारतात गुन्हा नाही. तुमच्या मित्राने बहुधा फ्रान्सच्या कायद्याबद्दल वाचले असावे. तेथे 2016 पासून 400 चौरस मीटरहून मोठ्या किराणा दुकानांना खाण्याजोगा माल नासवून टाकण्यास बंदी आहे आणि सेवाभावी संस्थांशी करार करावा लागतो. आपल्याकडे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत एवढेच आले की परवाना नसलेल्या जागी शंभरहून अधिक माणसांचा समारंभ करायचा असेल तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी नगरपालिकेला कळवायचे आणि कचरा जागीच वेगळा करून द्यायचा. तो नियम कचऱ्याविषयी आहे. पिंपातले वरण कचरा होण्याआधी कोणाच्या ताटात जावे, हे तो सांगत नाही.

आता नोंदणी. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 3 मध्ये ‘अन्न व्यवसाय’ या संज्ञेची व्याख्या आहे आणि तीत नफ्यासाठी असो वा नसो, सार्वजनिक असो वा खासगी, असे स्पष्ट शब्द आहेत. साठवण, वाहतूक आणि वितरण ही तिन्ही कामे त्या व्याख्येत बसतात, आणि तुमची रिक्षा नेमकी हीच तीन कामे करते. पैसे घेत नाही म्हणून आपण कायद्याबाहेर आहोत, हा समज त्यामुळे टिकत नाही. 2011 च्या परवाना व नोंदणी नियमांत लहान अन्न व्यावसायिकाची जी व्याख्या आहे, तीत धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाराही धरला आहे. गणेशोत्सव आला की महाप्रसाद करणाऱ्या मंडळांना अन्न व औषध प्रशासन नोंदणी करण्याचे आवाहन करते, ते याच आधारावर.

उरलेल्या अन्नासाठी तर वेगळे नियमच आहेत. अतिरिक्त अन्नाची पुनर्प्राप्ती व वितरण यासंबंधीचे नियम 2019 मध्ये अधिसूचित झाले आणि 1 जुलै 2020 पासून लागू झाले. देणारा आणि वाटणारी संस्था अशा दोन्ही बाजूंची कर्तव्ये त्यांत सांगितली आहेत. वाटणाऱ्या संस्थेने नोंदणी किंवा परवाना घ्यावा, कोणाकडून काय व किती आले याची नोंद ठेवावी, शिजवलेल्या अन्नाच्या डब्यावर पदार्थाचे नाव, तो कोठून आला, केव्हा तयार झाला आणि शाकाहारी की मांसाहारी हे लिहावे, असा त्यांचा आशय आहे. तेव्हा व्यवस्थापकांनी दाखला मागितला तो अडवणुकीसाठी मागितला, असे म्हणता येणार नाही. 2011 च्या नियमांप्रमाणे लहान नोंदणीचे शुल्क वर्षाला 100 रुपये आहे आणि अर्ज संगणकावरून होतो. तुमच्या एका फेरीचे डिझेल त्याहून महाग पडत असेल.

जबाबदारीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मोबदला देणारा तो ग्राहक, म्हणून फुकट जेवलेल्या माणसाला त्या कायद्याखाली दाद मागणे अवघड आहे. पण अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 65 मध्ये विकणाऱ्याच्या बरोबरीने ‘वितरित करणाऱ्या’चाही उल्लेख आहे. अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान 5 लाख, गंभीर इजेला 3 लाखांपर्यंत आणि अन्य इजेला 1 लाखापर्यंत भरपाई त्या कलमात सांगितली आहे. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाला तर कलम 59 खाली किमान सात वर्षे कारावास आणि किमान 10 लाख दंड आहे, आणि ही शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते.

‘आमची संस्थाच नाही, मग धरणार कोणाला’, असे कोणी म्हणत असेल तर त्याला कलम 66 वाचायला द्या. तेथे ‘कंपनी’ या शब्दात व्यक्तींचा कोणताही समूह येतो, आणि कारभार ज्याच्या हाती होता त्याला उत्तरदायी धरता येते. नोंदणी केली नाही म्हणून जबाबदारी टळत नाही. ती कोणावर येईल हे आधी ठरत नाही, एवढेच. माझ्या मते हाच सर्वांत मोठा धोका आहे, कारण प्रसंग आल्यावर ज्याचा फोन नंबर सापडतो, त्यालाच आधी बोलावणे येते.

बचाव आहे तो कलम 80 मध्ये. सर्व वाजवी खबरदारी घेतली आणि योग्य ती दक्षता बाळगली, हे दाखवता आले तर तो बचाव ग्राह्य धरला जातो. पण तो दाखवावा लागतो. ‘आमचा हेतू चांगला होता’ हे वाक्य तेथे पुरत नाही. वेळ लिहिलेली वही, नाकारलेल्या अन्नाची नोंद आणि डब्यावरची चिठ्ठी हाच तेथे पुरावा असतो.

सातपुडा (शहादा) यांचे उत्तर

पांझराकाठ साहेबांनी कायदा नीट मांडला, त्याबद्दल आभार. मी निवृत्त शिक्षक आहे आणि मला यात एक गोष्ट खटकते, ती स्पष्टपणे लिहितो.

आमच्याकडे शेजारी भाकरी थापली की दोन भाकऱ्या आणि वाटीभर भाजी भिंतीवरून पलीकडे जाते. कोणाच्या घरी कार्य असले की उरलेले अन्न गल्लीत वाटले जाते. ही पद्धत कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. ‘वितरण’ हा शब्द इतका सैल ठेवला तर ती भिंतीवरची भाकरीही व्यवसाय ठरेल. कानबाई देवीच्या उत्सवातले नैवेद्याचे रोट भाऊबंदांबाहेर द्यायचे नसतात, एवढा एक अपवाद सोडला तर देण्याला मर्यादा घालणारा नियम आमच्या घरांत मला आठवत नाही. आणि ती मर्यादाही श्रद्धेपोटी होती, दंडाच्या भीतीने नव्हे.

दुसरे असे की नोंदणी आली की नाव आले, नावापाठोपाठ फलक आला आणि फलकाखाली हात पसरलेल्या माणसाचे छायाचित्र आले. गिरणाकाठ यांच्या गटाचे मोल मला त्याच्या निनावीपणात वाटते. 2014 मध्ये दिल्लीत सुरू झालेली रॉबिनहूड आर्मी पैसे न घेता केवळ स्वयंसेवकांच्या बळावर अनेक शहरांत पसरली, ती अशाच मोकळेपणामुळे. प्रत्येक गल्लीतल्या चार तरुणांना आधी अर्ज भरायला लावले, तर पुष्कळ जण अर्जही भरणार नाहीत आणि डबाही उचलणार नाहीत. मग वरण गटारातच जाईल, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात कोणाचीच चूक नसेल. हे विचित्र नाही का?

पांझराकाठ (धुळे)

गुरुजी, भिंतीवरची भाकरी निर्धास्तपणे द्या. मूळ इंग्रजी व्याख्येत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘उपक्रम’ असा होतो, आणि त्यात सातत्य व काही एक आखणी गृहीत असते. शेजाऱ्याला दिलेली वाटी म्हणजे उपक्रम, असे कोणतेही न्यायालय म्हणेल असे मला वाटत नाही. पण चार वर्षे, वीस माणसे, अकरा डबे, ठरलेली वाहने आणि ठरलेली ठिकाणे म्हटल्यावर तो उपक्रम नव्हे, असे मला न्यायालयात ठामपणे मांडता येणार नाही. या दोहोंच्या मधली रेषा कायद्याने आखलेली नाही, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. शेजारी अन्न कोणी, केव्हा शिजवले हे जाणतो; वीटभट्टीवरचा माणूस जाणत नाही. माझ्या मते खरा फरक येथे आहे आणि नियमही याच फरकासाठी हवेत.

तापीपार (मूळ शिरपूर, सध्या बर्लिन) यांचे उत्तर

हीच चर्चा येथे जर्मनीत काही वर्षांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत झाली, म्हणून लिहितो. 2012 च्या अखेरीस येथे ‘फूडशेअरिंग’ नावाची स्वयंसेवी चळवळ सुरू झाली. तिचे स्वयंसेवक बेकऱ्या आणि दुकानांतून उरलेला माल उचलतात, काही आपसांत वाटून घेतात आणि काही सार्वजनिक कपाटांत व फ्रिजमध्ये ठेवतात. कोणीही यावे, ठेवावे किंवा घेऊन जावे, असा त्या फ्रिजचा रिवाज. 2016 मध्ये बर्लिनच्या पांकोव्ह भागातील अन्न तपासणी खात्याने असे प्रत्येक ठिकाण म्हणजे एक अन्न व्यवसाय आहे, अशी भूमिका घेतली आणि त्यासाठी जबाबदार व्यक्ती व नोंदी मागितल्या. स्वयंसेवकांचे म्हणणे असे की हे खासगी माणसांनी एकमेकांना देणे आहे, येथे व्यवसाय कोठून आला. म्हणजे सातपुडा गुरुजींचा आणि पांझराकाठ यांचा वादच तेथे जर्मन भाषेत चालू होता!

गंमत अशी की शब्दही तेच. युरोपीय संघाच्या 2002 च्या 178 क्रमांकाच्या नियमावलीत अन्न व्यवसायाची व्याख्या ‘नफ्यासाठी असो वा नसो, सार्वजनिक असो वा खासगी’ अशीच आहे. आपला 2006 चा कायदा तिच्या नंतरचा आहे, त्यामुळे व्याख्या कोणाची कोणाकडे गेली हे वेगळे सांगायला नको. व्याख्या आली, पण तिच्या आजूबाजूला इतर देशांनी जे संरक्षण उभे केले ते मात्र आले नाही. इटलीने 2003 मध्ये एक छोटा कायदा करून उरलेले अन्न फुकट वाटणाऱ्या सेवाभावी संस्थेला अंतिम ग्राहकाच्या जागी मानले, म्हणजे दुकानदाराने संस्थेच्या हाती माल दिला की त्याची जबाबदारी घरी जेवणाऱ्याला माल विकल्यासारखी तेथेच संपते. अमेरिकेत 1996 पासून कायदा असा आहे की सद्भावनेने अन्न देणाऱ्यावर आणि ते वाटणाऱ्या ना-नफा संस्थेवर ढोबळ हलगर्जीपणा किंवा जाणूनबुजून केलेले गैरकृत्य असेल तरच दायित्व येते. फाटकातल्या त्या व्यवस्थापकांच्या मनातली भीती नेमकी अशा तरतुदीनेच जाईल. नोंदणीच्या दाखल्याने ती थोडी कमी होईल, जाणार नाही.

आमच्या इमारतीजवळच्या अशा एका फ्रिजविषयी सांगतो. आत कच्चे मांस, मासे आणि कच्च्या अंड्याचे पदार्थ ठेवायला सक्त मनाई आहे. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ असे छापलेले दही तारीख उलटल्यावरही चालते, पण ‘या तारखेपर्यंतच वापरावे’ असे लिहिलेला खिमा चालत नाही. दाराला दोरीने एक वही बांधलेली आहे आणि फ्रिज कोणी, केव्हा पुसला हे तीत लिहायचे असते. खात्याशी वाद घालणाऱ्या लोकांनीच ही शिस्त स्वतःला लावून घेतली आहे, हे मला लक्षात घेण्यासारखे वाटते.

तरीही एक सांगतो. येथे जून महिन्यातही खिडकी उघडली की गारवा येतो आणि वाटायचा माल बहुतेक पाव, भाजी, फळे असा असतो. वैशाखातल्या जळगावात शिजवलेले वरण वाटणे ही याहून कितीतरी अवघड गोष्ट आहे.

चुलांगण (भुसावळ) यांचे उत्तर

तापीपार दादांच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. माझा केटरिंगचा धंदा आहे, वडिलांपासूनचा. कायद्याचे कलम मला पाठ नाही, पण वरण केव्हा आंबते ते नाकाने कळते. आणि नाकाला कळते त्याच्या बऱ्याच आधी ते बिघडायला लागलेले असते, हे मी अन्न सुरक्षेच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणात शिकलो.

गिरणाकाठ भाऊ, त्या दिवशीच्या वरणाचा हिशेब मांडून पाहा. दुपारच्या लग्नाला आम्ही वरण सकाळी साडेदहा-अकराला उतरवतो. मुहूर्त साडेबाराचा असला तरी अक्षता पडेपर्यंत दीड वाजतो आणि शेवटची पंगत उठायला साडेचार होतात. मग यजमानांना उरलेल्या अन्नाची आठवण येते, तुम्हाला फोन जातो, तुम्ही साडेपाचला पोहोचता आणि वीटभट्टीवर वाढेपर्यंत सात वाजतात. ते वरण तेव्हा आठ तासांचे झालेले असते, आणि बाहेर पारा 44 अंशांवर असतो. शिजवलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून अधिक ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरम ठेवायचे तर 60 अंशांच्या वर आणि थंड ठेवायचे तर 5 अंशांच्या खाली. मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात यांपैकी एकही गोष्ट होत नाही. तेव्हा गटारात गेलेल्या त्या वरणाबद्दल तुम्हाला वाईट वाटले असेल, पण खरे सांगायचे तर मी त्या व्यवस्थापकाच्या जागी असतो तर मीही ते दिले नसते, तुमच्याकडे दाखला असता तरीही.

मोठ्या पिंपाची आणखी एक खोड आहे. वरचा थर निवतो, झाकणाला हात लावला तर ते गार लागते, पण मधोमध वरण तासन् तास कोमट राहते, आणि जंतूंना कोमटच हवे असते. लोक म्हणतात, पुन्हा खळखळून उकळले की झाले. डाळीच्या बाबतीत ते काही अंशी खरे आहे, भाताच्या बाबतीत नाही. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात. भात तसाच पडून राहिला की ते वाढतात, आणि त्यांचे उलटी आणणारे विष नंतर कितीही गरम केले तरी जात नाही. म्हणून उरलेला भात परत गरम करून वाटणे ही दया नव्हे, असे मी माझ्या पोरांना सांगत असतो.

आता काय घ्यावे ते सांगतो. बट्टी घ्या. आमच्याकडची बट्टी वाफवून, कापून तळलेली असते, तिच्यात पाण्याचा अंश कमी राहतो आणि ती दुसऱ्या दिवशीही चांगली लागते. माझा जुना आचारी नेहमी म्हणतो, “बट्ट्या लई जा भाऊ, वरण ऱ्हाऊ द्या.” पुऱ्या, बुंदी, शेव, कोरडे लाडू घ्या. गुलाबजाम पाकात बुडालेले असतील आणि झाऱ्याशिवाय कोणाचा हात लागला नसेल तर घ्या. घोटलेली वांग्याची भाजी दोन तासांच्या आतली असेल तरच घ्या, गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजीही तशीच. भात, वरण, मठ्ठा, कोशिंबीर, बासुंदी आणि पाकातले गुलाबजाम सोडून मावा घातलेले दुसरे काहीही संध्याकाळी घेऊ नका. मग बट्टीबरोबर खायचे काय, असे तुम्ही विचाराल. तूरडाळ आणि तिखट-मीठ घेऊन भट्टीवर तिथल्याच बायांना वरण टाकायला सांगा. त्यांना ते आपल्याहून चांगले येते आणि कोणाचे उरलेले खाल्ल्याची भावनाही राहत नाही.

एक व्यवस्था मी स्वतः सुरू केली आहे, तीही सांगतो. उरण्याचा अंदाज दुसऱ्या पंगतीलाच येतो. पंगतीत न गेलेले, म्हणजे चुलीवरच्या मूळ भांड्यातले अन्न मी तेव्हाच झाकणाच्या लहान डब्यांत काढून ठेवतो आणि डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून उतरवल्याची वेळ लिहितो. वाढपाच्या बादलीतले, बुफेच्या टेबलावरचे काही देत नाही. यजमान ताटावर पैसे मोजतात, म्हणून उरलेले अन्न त्यांचे; त्यांची परवानगी मी सुपारी घेतानाच विचारून ठेवतो. तुम्ही संध्याकाळी साडेपाचला येण्याऐवजी दुपारी अडीचला या. सगळी भांडणे त्या तीन तासांत आहेत.

सातपुडा (शहादा)

चुलांगण भाऊ, तुमचे म्हणणे मला पटले, विशेषतः भट्टीवर वरण शिजवण्याचे. नोंदणीविषयीची माझी शंका कायम आहे, पण आठ तासांचे वरण मी माझ्या नातवाला वाढणार नाही, हे मान्य करतो.

गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, कारण आधी काही करून पाहावे आणि मग लिहावे असे ठरवले होते.

पहिली गोष्ट, आम्ही एक वही केली. कोठून, कोणता पदार्थ, उतरवल्याची वेळ, उचलल्याची वेळ, वाटून संपल्याची वेळ आणि शेवटचा रकाना ‘घेतले नाही, कारण’ असा आहे. पंधरा दिवसांत नऊ ठिकाणी गेलो आणि शेवटचा रकाना सर्वांत जास्त भरला. चार वर्षांत आम्ही एकदाही ‘नको’ म्हटले नव्हते, हे त्यामुळे आमच्या लक्षात आले. समोरचा माणूस पुण्यकर्म म्हणून देतो आहे, त्याला नाही कसे म्हणायचे, हा संकोच आम्हाला दंडाच्या कलमांहून जड जात होता. एका यजमान काकांना वाईट वाटले, ते म्हणाले, “आमचे अन्न तुम्हाला चालत नाही का?” तेव्हा आमच्यातल्या मुलीने वही उघडून वेळ दाखवली आणि म्हणाली, “काका, अन्न तुमचे चांगलेच आहे, आम्हालाच यायला उशीर झाला.” त्यांनी मग बट्ट्या दिल्या आणि पुढच्या वेळी दुपारीच फोन करतो म्हणाले.

दुसरी गोष्ट, त्याच मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांना जाऊन भेटलो. वही दाखवली, नोंदणी करणार असल्याचे सांगितले. त्यांनी दाखला आल्यावर या, असेच सांगितले, पण जाताना स्वयंपाकघराच्या दाराशी एक पांढरा फळा टांगून त्यावर प्रत्येक पदार्थ उतरवल्याची वेळ लिहायची तयारी दाखवली. आम्हाला तो फळा दाखल्याहून अधिक उपयोगी पडेल असे वाटते.

नोंदणीचा अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हे अजून ठरलेले नाही. कलम 66 वाचून दाखवल्यावर गटात काही वेळ कोणी बोलले नाही. एकाच्या नावाने केला तर भार त्याच्यावर, आणि सोसायटी किंवा न्यास करायचा तर धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीपासून वार्षिक हिशेबापर्यंत सगळे आले. सातपुडा गुरुजींना जी भीती वाटते ती येथे खरी ठरते, कारण दोघे जण ‘मग मी नुसता डबे उचलायला येईन’ म्हणाले. तूर्त मी माझ्या नावाने अर्ज भरतो आहे आणि पावसाळ्यापर्यंत संस्थेचे पाहू. छायाचित्र काढायचे नाही, यावर मात्र एकमत झाले.

चुलांगण भाऊ, एक शंका राहिली. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत घराघरांतून आमरस उरतो आणि लोक बादल्या भरून देतात. त्याचे काय करावे?

चुलांगण (भुसावळ)

आमरस घेऊ नका. त्यात दूध घातलेले असते, बाजारातला बर्फ टाकलेला असतो आणि तो पिळताना किती हात लागले ते कोणी सांगू शकत नाही. घरोघरी आदल्या दिवशीच निरोप पाठवा की जे आंबे पिळायचे राहतील ते तसेच द्या. आंब्यावर वेळ लिहावी लागत नाही.